दहा सेंटीमीटरची रेघ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहा, असा शाळेतून फोन आला आणि मला आठवली ती हस्तकलेच्या वर्गातली खिडकीखालची फळी. तिथे आमची माती वाळत असायची. 

आठवीत सरांनी प्रत्येकाकडून शाडूची एक वीट करून घेतली. जाडी दोन सेंटीमीटर, वजन बरोबर 500 ग्रॅम. ओली असतानाच तिच्यावर सुईने 10 सेंटीमीटरची रेघ ओढायची आणि रोज वहीत दोन आकडे टिपायचे, रेघेची लांबी आणि विटेचं वजन. पहिले काही दिवस दोन्ही आकडे जोडीने उतरले. रेघ 9.3 वर आली तेव्हा वजन 450 ग्रॅमच्या आसपास होतं. तिथून रेघ हलेना. वजन मात्र उतरतच राहिलं, थेट 400 पर्यंत. माझं मोजण्यात चुकतंय असं वाटून मी शेजारच्याची पट्टी आणून पुन्हा मोजलं. 9.3 च.

सरांनी फळ्यावर मातीचे कण काढले. पत्त्यांसारखे चपटे, प्रत्येकाभोवती पाण्याचा थर. हे पाणी उडतं तसे कण जवळ सरकतात, म्हणून माती आकसते. कण एकमेकांना टेकले की सरकायला जागा उरत नाही. पुढे जातं ते फटींमधलं पाणी, आणि त्याच्या जागी हवा शिरते. "आता रंग बघा," सर म्हणाले. खरंच, विटेच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या, मधोमध अजून गडद ओल होती.

त्याच वर्षी माझ्या कपाचा कान निखळला. कप दोन दिवस आधीचा, बराचसा आकसून झालेला. कान ताज्या मातीचा. जोडावर आधी केसाएवढी भेग दिसली, मग कान हातातच आला. मला रडू फुटलं. सर रागावले नाहीत. शेजारी बसून त्यांनी नवा कप आणि नवा कान माझ्याकडून एकाच दिवशी करून घेतला, दोन्ही सारखेच चिवट झाल्यावर जोडायला लावला आणि वर ओलं फडकं टाकलं. माती कमी आकसावी, तडकू नये म्हणून कुंभार तिच्यात राख आणि लीद मिसळतो, हेही मला त्याच दुपारी कळलं.

पुढे मी विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवण्याच्या कामात शिरलो, ते 30 वर्षं. आमच्या वाळवणखोलीत सुरुवातीला हवा गरम पण मुद्दाम दमट ठेवतात. वरचा थर आधी सुकून आकसला आणि गाभा ओलाच राहिला, तर माल तडकतो. आकसणं थांबलं की मगच हवा कोरडी करायची. कामावर नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी 10 सेंटीमीटरची रेघ ओढायला लावतो. आणि भट्टी भरण्याआधी, यंत्रं असूनही, एखादा नग गालाला लावून बघतो. सर तसंच करायचे. गार लागला की आत ओल आहे, आणि ती ओल भट्टीत वाफ होऊन नग फोडते.

ती वीट मी जपून ठेवली आहे. रेघ आजही 9.3 च भरते. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी या पत्रासोबत ती पाठवतो आहे. फक्त पाण्यापासून लांब ठेवा. ती भाजलेली नाही, भिजली तर विरघळून जाईल.