शेन, शेण आणि सत्तरीचा वाघ

मार्च संपत आला की साखळीच्या पुढे रस्त्याला काजूचा वास सुटतो. वाळपईत पातळ भाजी-पाव खाऊन मी ठाण्याच्या वाटेला लागलो. हे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं ठाणे. इथं लोकल सोडाच, बसचीही वाट पाहावी लागते.

हिमाचलच्या स्पितीतल्या किब्बर गावाहून आल्यापासून इथं यायचं डोक्यात होतं. किब्बर चार हजार मीटरच्याही वर. तिथला घरमालक सारखा ‘शेन, शेन’ करत होता. शेजारी गोवऱ्यांची रास, त्यामुळे मी आपला शेणाबद्दलच मान डोलावत राहिलो. शेन म्हणजे हिमबिबट्या! देशभरात मिळून 718, असा आकडा जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाला. त्यातला एकही मला दिसला नाही. डोक्यात राहिला तो तिथला गुरांचा विमा. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशननं 2002 मध्ये तो किब्बरमध्ये सुरू करून दिला. हप्ता गुरंवाले स्वतः भरतात, आणि जनावर गेलं की ते खरंच शेननं मारलं का, हे गावातलीच माणसं बघून ठरवतात. शेजाऱ्याशी खोटं बोलणं साहेबाशी बोलण्याइतकं सोपं नसतं. शिवाय गावानं थोडं कुरण चराईतून सोडून दिलं, तिथं भरल, म्हणजे हिमबिबट्या ज्यांच्यावर जगतो ती रानमेंढरं, वाढली.

आणि आपल्याकडे? जानेवारी 2020. म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. त्याआधी वाघानं गुरं मारली होती, मढ्यात विष घातलं गेलं होतं. वाघ आपल्या शिकारीकडे परत येतो, म्हणून हे साधतं. म्हणजे सगळा प्रश्न त्या एक-दोन दिवसांचा. गाय गेलीय, मढं रानात पडलंय, माणूस संतापानं पेटलाय. तेवढ्या वेळात त्याच्या दारात कोण पोचतं? किब्बरमध्ये शेजारी पोचतात. इथं आधी अर्ज, मग पंचनामा, मग वाट.

ज्या गवळी-धनगरांच्या वाडीवर मी टेकलो तिचं नाव लिहीत नाही. गोठा मात्र नीट पाहिला. कारवीच्या कुडाला शेणाचा लेप, वर झावळ्या, कवाडाला आडवा वासा. ‘शेन’ची गोष्ट सांगितली तेव्हा आजी पदर तोंडाला लावून हसली. लडाख-स्पितीत उघड्या छपराच्या वाड्यात हिमबिबट्या उडी मारतो आणि एका रात्रीत पंधरा-वीस मेंढरं लोळवतो. वरून जाळी ताणली की ते थांबतं. हे ऐकून काका म्हणाले, “आमचा वाघ गोठ्यात कशाला येईल? म्हशी दिवसभर रानात. रानावर जाळी घालतोस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हादईच्या व्याघ्रप्रकल्पाचा विषय मी घाबरतच काढला. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तो तीन महिन्यांत जाहीर करा म्हटलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाडीवर त्याचा अर्थ एकच: उठवणार. “वाघाला आम्ही कधी नको म्हटलं?” आजी म्हणाली. “तो देव. त्याला नारळ देतो. पण म्हैस गेली की दुधाचा रतीब तुटतो, आणि देव काय रतीब घालत नाही.”

वाघ्रो देव सत्तरीत नवा नाही. मलाही वाटेत एक शिळा दाखवली त्यांनी. झिजून वाघाचं तोंड मांजरासारखं झालेलं, पण पुढ्यात ताजं तेरड्या-झेंडूसारखं काही नाही, नुसतं एक रानफूल आणि अर्धा नारळ. आतलं खोबरं मुंग्यांनी धरलेलं. म्हणजे कालपरवाचाच.

उन्हं उतरल्यावर म्हशी परतू लागल्या. आजी कवाडाशी उभी राहून बोटांच्या पेरांवर मोजत होती. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. बारावी नव्हती. काका काही न बोलता कोयता घेऊन उठले. मी उगाच मोबाइलचा दिवा लावला. उजेड होता तरी.

दहा मिनिटांनी ओहळाच्या बाजूनं लाकडी घंटेचा ठक्-ठक् आवाज आला. म्हैस चिखलात लोळत बसली होती. आजीनं तिला एक सणसणीत शिवी हासडली आणि वासा आडवा सरकवला.