तुम्ही विचारलंत म्हणून: पिस्तूल खोटं होतं, तरीही?

मी इंग्लंडमध्ये फौजदारी वकिली करते हे कळलं, की मराठी माणसं, त्यातही इथं शिकणाऱ्या मुलांचे आईवडील, हमखास विचारतात, "पिस्तूल खेळण्यातलं होतं, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मग सशस्त्र लुटीचा गुन्हा कसा लागतो?"

लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा निराळा) सशस्त्र लुटीचं वेगळं कलम नाही. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टचं कलम ८ जबरी चोरीचं आहे. चोरी करता यावी म्हणून, त्याच वेळी किंवा लगेच आधी, कुणावर बळ वापरलं किंवा 'आत्ता इथंच मारीन' अशी भीती घातली, की गुन्हा झाला. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, खटला चालतो क्राउन कोर्टातच, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात. बंदूक असली तर त्याच सालच्या फायरआर्म्स अ‍ॅक्टचे आरोप वर चढतात, आणि त्यात नकली बंदूकही येते.

नकली म्हणजे किती नकली? बेंथम नावाच्या माणसाने जाकिटाच्या आत बोटं अशी रोखून धरली, की बाहेरून बंदूकच वाटावी, आणि पैसे-दागिने मागितले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००५ साली निकाल लागला: स्वतःची बोटं ही काही 'जवळ बाळगलेली' वस्तू नव्हे. नकली बंदुकीचा आरोप गेला. जबरी चोरी मात्र त्याने कबूल केली होती, ती राहिलीच. समोरच्याची भीतीने गाळण उडाली, ती बोटांनी उडाली की लोखंडाने, याने कलम ८ ला फरक पडत नाही.

मग बचाव कशावर उभा राहतो? बहुतेकदा साक्षीदाराने आरोपीला ओळखण्यात चूक केली का, यावर. तोंड झाकलेला माणूस, अपुरा उजेड, काही सेकंदांची नजर. १९७६ च्या टर्नबुल खटल्याच्या निकालापासून, खटला मुख्यतः अशा ओळखीवर उभा असेल तर प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो हे न्यायाधीशाला ज्यूरीला (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांना) बजावून सांगावंच लागतं. 'माझेच पैसे होते' असं खरोखर वाटत असेल तर चोरी होत नाही, म्हणून जबरी चोरीही नाही; पण चाकू दाखवला असेल, तर त्याचे आरोप उरतात. 'मित्रांनी धमकावलं म्हणून गेलो' हे मात्र क्वचितच टिकतं. धमकी जिवाची किंवा गंभीर इजेची हवी, आणि गुंडांच्या संगतीत आपण होऊन गेलेल्याला कोर्ट सहसा ही सवलत देत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती पोलीस ठाण्यातल्या पहिल्या काही तासांची. भारतात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे घरचे सांगतात, "तिथं काही का बोलेनास, कोर्टात बघू." इथं चौकशी रेकॉर्ड होते आणि तीच ज्यूरीपुढे येते. गप्प राहायचा हक्क आहे, पण जे तेव्हा सांगितलं नाही आणि कोर्टात सांगितलं, त्यावरून ज्यूरी प्रतिकूल अर्थ काढू शकते; १९९४ पासून तसा कायदा आहे. नुसत्या गप्प राहण्यावर कुणी दोषी ठरत नाही, हेही खरं. कधी बोलावं, कधी नाही, हे पोलिसांच्या हातात काय आहे ते पाहूनच ठरवायचं, आणि ते काम वकिलाचं.

ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या माणसासाठी पाळीवर असलेला वकील, चोवीस तास मिळतो, फुकट, मिळकत कितीही असो. दुभाषीही फुकट. तरी चांगल्या घरातली मुलं 'वकील मागितला तर गुन्हेगार वाटेन' म्हणून नको म्हणतात, आणि माझा जीव तुटतो.

मुलगा नको म्हणाला असला तरी तुम्ही नाशिकहून फोन करून वकील पाठवू शकता. तो ठाण्यात पोचला, की पोलिसांना मुलाला तसं सांगावंच लागतं, आणि भेटायचं का, हे पुन्हा विचारावं लागतं.