अण्णांची रात्रपाळी बंद झाली

शेतीच्या मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा आठवडा रात्री दहा तास, असंच चालायचं. रात्रीच्या आठवड्यात अण्णा बारा-एकला उठून बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे आणि ते परत येईपर्यंत आईला झोप नाही, कारण उसात बिबट्या, बांधावर साप, आणि गव्हाला पाणी नेमकं कडाक्याच्या थंडीत लागतं. मी पुण्यात, फोनवर "जपून जावा" एवढंच म्हणायचो.

मग सरकारच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत नंबर लागला, पाच एचपीचा. आपण 10 टक्के भरायचे, बाकी अनुदान. पैसे भरल्यावर कित्येक महिने नुसती वाट बघितली, त्याचा राग अजून आहे. पण आता ऊन वर आलं की पाणी सुरू, आणि रात्री आई-अण्णा दोघं झोपतात. माझ्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

हे एवढं स्वस्त झालं कसं म्हणून वाचत बसलो. 2010 नंतरच्या दहा वर्षांत सोलर पॅनलची किंमत जवळपास 90 टक्के उतरली. त्याआधी जर्मनीने 2000 साली कायदा करून सोलरच्या विजेला चढा दर ठरवून दिला, तो बोजा तिथल्या साध्या घरांनी वर्षानुवर्षं लाईटबिलातून भरला, त्यामुळे मागणी वाढली, मग चीनने प्रचंड कारखाने टाकले आणि भाव कोसळले. जगाला पहिला 1 टेरावॉट (म्हणजे दहा लाख मेगावॉट) सोलर बसवायला 2022 उजाडलं, दुसरा दोनेक वर्षांत झाला! आमच्या बांधावरच्या पॅनलमागे कुणा अनोळखी जर्मन कुटुंबाचे पैसे आहेत, हे कळलं तेव्हा खरंच भरून आलं.

आपल्या देशातही जून 2025 मध्ये विजेची निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर गोष्टींवर आली, 2030 चं टार्गेट पाच वर्षं आधीच. पण बसवलेली क्षमता म्हणजे प्रत्यक्ष तयार होणारी वीज नव्हे, संध्याकाळी ऊन गेलं की भार कोळशावरच, साठवणीच्या बॅटऱ्या वाढल्याशिवाय ते हलणार नाही.

आमची काळजी वेगळीच आहे. पाणी उपसायला आता बिल नाही, त्यामुळे मोटर दिवसभर चालू, आणि यंदा विहीर एप्रिलमध्येच तळाला गेली. अण्णांना म्हटलं ठिबक करू, ते म्हणतात उसाला मोकळं पाणीच लागतं. दिवाळीला गेलो की निदान अर्ध्या एकरात तरी करून दाखवणार आहे, कुणी उसाला केलं असेल तर खर्च किती आला सांगा.