हो, खाल्लाय

'तुम्ही कधी बेडूक खाल्लाय?' असं विचारलंत म्हणून सांगतो: हो, खाल्लाय. एकदाच. नववीत होतो, गोव्यात पेडण्याला, शेजारच्या काकांकडे. घरी कळलं असतं तर आईने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

पावसाळा तोंडावर आला की शाळांमधून मला बेडकांवर बोलायला बोलावतात. तासभर घसा कोरडा करून झाला की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, तुम्ही कधी खाल्लाय? कसा लागतो?" बाई डोळे वटारतात. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो. गोव्यात बेडकाच्या मांसाचं 'जंपिंग चिकन' हे नाव ऐकलं नाही असा माणूस विरळा. कायद्याने बंदी आहे, वनखात्याचे लोक पावसात रात्री गस्तही घालतात, तरी नाव काही पुसलं जात नाही.

त्या रात्री मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला होता. मळ्यात नर पिवळेधमक झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होते. डोळ्यांवर बॅटरीचा झोत पडला की बेडूक जागचा हलत नाही; वरून हात घालायचा आणि उचलायचा. काकांनी गोणपाट भरलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेलं, आणि आम्ही गप्पा मारत असताना ते आपलं आपण हलत होतं. खायच्या फक्त तंगड्या. बाकीचा सगळा बेडूक परसात.

पुढे प्राणिशास्त्र शिकलो आणि कळलं की सातासमुद्रापलीकडे अशीच थट्टा आधीच होऊन गेली आहे. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका आणि मॉन्टसेराट नावाची दोन बेटं आहेत. तिथला एक बेडूक वजनाने किलोपर्यंत भरतो. त्याचं नाव माउंटन चिकन. डोंगरातली कोंबडी! डॉमिनिकात त्याला क्रापोही म्हणतात. तो त्या देशाच्या राजमुद्रेवर आहे आणि ताटातही होता, राष्ट्रीय पदार्थ म्हणून. राजमुद्रेवरचा प्राणी कढईत, असा मान फार थोड्यांना मिळतो.

त्याची मादी जमिनीतल्या बिळात फेसाचं घरटं करते. आत पिल्लं वाढत असतात, पण बिळात त्यांना खायला काय मिळणार? म्हणून ती पुन्हा पुन्हा येऊन फलन न झालेली अंडी घालते, आणि पिल्लं ती खाऊन मोठी होतात. बिळाची राखणही करते. हे सांगितलं की वर्गातली कुजबुज थांबते.

हा बेडूक माणसाने खाऊन संपवला, असं सांगणं सोपं आहे. शिकारीने तो कमी झाला, यात वाद नाही. पण कंबरडं मोडलं ते कायट्रिड नावाच्या बुरशीने. ती बेडकाच्या कातडीवर वाढते. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो, त्यामुळे कातडी बिघडली की शेवटी हृदयच थांबतं. 2002 मध्ये ती डॉमिनिकात आढळली, आणि दीड वर्षात बहुतेक बेडूक गेले. मॉन्टसेराटवर तर 1995 पासून ज्वालामुखीने अर्धं बेट राखेखाली घातलं होतं. उरलेल्या हिरव्या डोंगरांत बेडूक तग धरून होते. 2009 मध्ये बुरशी तिथेही पोचली. प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती जगभर फिरली, म्हणजे हात पुन्हा आपलाच. फक्त या वेळी हातात सुरी नव्हती.

त्याच वर्षी मॉन्टसेराटवरून 50 निरोगी बेडूक विमानाने उचलले आणि जर्सी, लंडन आणि स्वीडनमधल्या प्राणीसंग्रहालयांत ठेवले. बाहेरचा जंतू आत येऊ नये म्हणून त्यांच्या खोलीत शिरताना माणसंच अंगभर झगे नि हातमोजे घालतात. पिल्लं झाली. पण परत सोडायची कुठे? बुरशी तर तिथेच बसलेली.

यावरची युक्ती मला फार आवडते. बुरशीला गारवा मानवतो. पारा तिशीकडे गेला की ती ढेपाळते. बेडूक मात्र तेवढी ऊब सोसतो. म्हणून 2019 मध्ये मॉन्टसेराटला परत नेलेल्या बेडकांसाठी कुंपणाच्या आत झाडं विरळ करून ऊन घेतलं आणि कोमट पाण्याची डबकी केली. सर्दी झाली की आजी गरम पाण्याने आंघोळ घालायची, त्यातलाच प्रकार. फक्त इथे शास्त्रज्ञांनी तो मोजमाप घेऊन केला.

डॉमिनिकात 2023 च्या पाहणीत 21 बेडूक सापडले. अख्ख्या बेटावर. आकडा सांगताना मी वर्गाकडे बघतो. बहुतेक वर्गांत त्याहून जास्त मुलं असतात.

डॉमिनिकाने 2013 मध्ये राष्ट्रीय पदार्थ बदलला. आता पालेभाजीचं कॅलालू आहे. राजमुद्रेवर बेडूक तसाच.

आणि चव? चिकनसारखीच लागते हो. नाव ठेवणाऱ्यांनी दोन्हीकडे खोटं सांगितलेलं नाही.