आयडलिंग पंधराशेला

शनिवारी सकाळी पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या गॅरेजचं शटर वर केलं, तेव्हा सर गाडी घेऊन बाहेर उभेच होते. सात सीटर पेट्रोल एसयूव्ही, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. इंजिन चालूच होतं. अॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही ते रेसमध्ये असल्याचं आवाजावरूनच कळत होतं.

"दादा, दोन महिने झाले. सिग्नलला थांबलो की शेजारचा वळून बघतो. पेट्रोलही जास्त लागतंय."

आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणारा, १५०० च्या वर. गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, तो ७५० ते ८०० वर बसायला हवा. आधी एका ठिकाणी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी असते तो भाग, साफ करून घेतली होती, अॅक्सिलरेटर न दाबता लागणारी थोडी हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह नवा टाकला होता, साडेसात हजारांचं बिल झालं होतं. दोन दिवस बरं गेलं आणि पुन्हा तेच. बॉनेट उघडलं तर थ्रॉटलचा स्टॉप स्क्रूही फिरवलेला. कंपनीने त्यावर रंगाची खूण केलेली असते, ती तुटली होती. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. तो स्क्रू आयडलिंग कमी-जास्त करायला दिलेलाच नाही. थ्रॉटलची पाकळी बंद होताना अडकून बसू नये, एवढंच त्याचं काम. तो हलवला की पाकळी किती उघडी ते सांगणाऱ्या सेन्सरचं शून्य हलतं, आणि नंतर गाडी बघणाऱ्याला कोणता आकडा खरा धरावा तेच कळत नाही.

आधी स्क्रू खुणेवर आणला. केबलला ढील होती, ती कुठे अडकत नव्हती. मग स्कॅनर लावला. कूलंटचं तापमान ८८ अंश, म्हणजे इंजिन थंड समजून ईसीयू, इंजिनचा कॉम्प्युटर, रेस वाढवतोय असं नव्हतं. आयडल व्हॉल्व्हची पायरी मात्र शून्य. तिथे मी थांबलो. पायरी शून्य याचा अर्थ ईसीयूने हवेचा आपल्या हातातला रस्ता पूर्ण बंद केला होता, तरीही हवा आत येत होती. व्हॉल्व्ह बिचारा बरोबर होता, काढून टाकलेला जुनाही बरोबरच असणार. या इंजिनात हवेचा हिशोब मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातल्या, दाबावरून होतो. चोरवाटेने आलेली हवाही त्यात धरली जाते, तेवढं पेट्रोल सोडलं जातं आणि गाडी उभ्याउभ्या पळत राहते.

चोरवाटा बऱ्याच असू शकतात. मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजिनातले वायू परत आत ओढणारी पीसीव्हीची नळी, इंजेक्टरचे रबर. पण मी पहिला प्रश्न ब्रेकचा विचारला. मॅनिफोल्डमधून मोठी व्हॅक्यूम नळी ब्रेक बूस्टरकडे, म्हणजे हवा ओढून पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याकडे, जाते, म्हणून तो आधी विचारायचा.

"जड झालाय थोडा," सर म्हणाले. "मागच्या महिन्यात गडावरून उतरताना, नांदुरीच्या घाटात, जवळजवळ उभं राहून दाबावा लागला. मला वाटलं गाडी भरलेली आहे म्हणून."

"गाडीत कोण कोण होतं?"

"आई, मिसेस, दोन्ही मुलं."

ऐकून पोटात गोळा आला. सप्तशृंगी गडाचा तो उतार मी कितीदा उतरलोय. एक तर आयडलिंग चढलेलं, म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढला तरी इंजिन गाडीला अडवण्याऐवजी पुढे ढकलतंय. त्यात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम अर्धाच. बूस्टरच्या तोंडाशी एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आत साठलेल्या व्हॅक्यूमवर पहिले एक-दोन ब्रेक ठीक लागतात. शहरात म्हणूनच त्यांना फारसं जाणवलं नाही. घाटात वळणावळणाला दाबायचा, मधे भरून यायला उसंत नाही.

नळीला मॅनिफोल्डच्या टोकाशी चिमटा लावला. इंजिन एकदम दबलं, बंद पडतंय की काय असं वाटलं, मग आयडल व्हॉल्व्ह उघडला आणि काटा ७८० वर येऊन टेकला. सर नुसते मीटरकडे बघत राहिले. चिमटा काढून बूस्टरच्या टोकाशी लावला, काटा पुन्हा १५०० वर. म्हणजे बूस्टर शाबूत. गळती दोन चिमट्यांच्या मधे, नळीतच. वरून नळी नव्यासारखी दिसत होती. खालून बोट फिरवलं तेव्हा भेग लागली, बोटाच्या पेराएवढी, बूस्टरपासून वीतभर अलीकडे. नळी धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती आणि ती ब्रॅकेटच्या पत्र्यावर घासत राहिली होती. साफसफाई करणाऱ्याला दिसण्यासारखं काही नव्हतंच.

"टेप गुंडाळून आजचा दिवस भागेल का? संध्याकाळी त्र्यंबकला जायचंय."

मी नाही म्हणालो. टेपही नाही आणि दुकानात मिळणारी पाण्याची नळीही नाही, कारण ती व्हॅक्यूमने आत चपटी होते. हवी ती नळी, व्हॉल्व्हसकट, मिळेपर्यंत दुपार झाली. बाराशे रुपयांची वस्तू. नवा व्हॉल्व्हही फुंकून पाहिला, हवा एकाच बाजूने जात होती. क्लिप बदलली, ईसीयूने धरलेले जुने आकडे पुसायला बॅटरी काढून लावली, दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली. काटा ७६० वर.

मग सरांनाच सीटवर बसवलं. "इंजिन बंद ठेवून पॅडल दाबत राहा, दगडासारखं होईल. आता पाय तसाच ठेवा आणि स्टार्ट मारा."

इंजिन लागलं आणि पॅडल त्यांच्या पायाखाली अलगद खाली गेलं. त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

"हे असं असतं?" ते म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो."

पांडवलेण्यांपर्यंत आम्ही जाऊन आलो, चालवत तेच होते. परत येईपर्यंत त्यांनी रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. गॅरेजच्या दारात गाडी लावून त्यांनी आईला फोन केला, उशीर होतोय पण संध्याकाळी निघू म्हणून.