दगडात उतरलेले सुतारकाम

ग्रीक मंदिरांची ओळख करून देताना डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन या शैली स्तंभशीर्षावरून कशा ओळखाव्यात, हे बहुधा सर्वांत आधी सांगितले जाते. मला मात्र स्तंभांपेक्षा त्यांच्या डोक्यावरचा भाग अधिक विचारात पाडतो. डोरिक मंदिरात स्तंभांवर दगडी तुळई आडवी बसते आणि तिच्यावरून एक पट्टा फिरतो. त्यात उभ्या खाचांचे ठोकळे, म्हणजे ट्रायग्लिफ, आणि त्यांच्यामधल्या चौकटी, म्हणजे मेटोपी, आळीपाळीने येतात. प्रत्येक ट्रायग्लिफच्या खाली सहा लहान खुंट्या दगडातच कोरलेल्या असतात. त्या काहीही धरून ठेवत नाहीत.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस याचा उलगडा असा करतो, की जुने सुतार भिंतीबाहेर आलेली तुळयांची टोके कापून त्यांवर निळ्या मेणाने रंगवलेल्या फळ्या ठोकत आणि त्यांचेच पुढे दगडी ट्रायग्लिफ झाले. खानदेशात धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे चटकन पटते, कारण भिंतीतून डोकावणारी लाकडांची टोके त्याच्या रोजच्या पाहण्यातली असतात. जळगावहून फारशा दूर नसलेल्या अजिंठ्यातही १९ व्या लेण्याच्या कमानदार छताला दगडी फासळ्या आहेत. त्या भार पेलत नाहीत, लाकडी चैत्यगृहाचा घाट तेवढा जपतात.

ग्रीसमधील ऑलिम्पिया येथील हेरा देवीचे मंदिर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचे आहे. त्याचे स्तंभ मुळात लाकडी होते आणि गरज पडेल तसा एकेक दगडी स्तंभ बसवत गेले, असे मानतात. म्हणूनच तिथली स्तंभशीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस तिथे गेला, तेव्हा मागच्या ओवरीत ओक लाकडाचा एक स्तंभ अजून उभा होता.

तरीही विट्रुव्हियसचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारणे मला अवघड वाटते. तुळयांची टोके समोरासमोरच्या दोन बाजूंनाच दिसायला हवीत, पण ट्रायग्लिफ चारही बाजूंना आहेत. शिवाय पट्ट्याचा शेवट कोपऱ्यावर ट्रायग्लिफनेच व्हावा, हा नियम आणि प्रत्येक स्तंभाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ यावा, हा नियम कोपऱ्यात एकत्र पाळता येत नाहीत. म्हणून कोपऱ्यातला स्तंभ आत सरकवावा लागे किंवा शेवटची मेटोपी रुंद करावी लागे. लाकडाची आठवण सोडून दिली असती, तर ही कसरत करावी लागली नसती. आयोनिक शैलीतल्या अखंड पट्ट्याला अशी अडचण येत नाही.

अथेन्सचे पार्थेनॉन हे मंदिर इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये बांधायला घेतले गेले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस या वास्तुकारांनी कोपऱ्यातले स्तंभ आत घेतले, किंचित जाडही केले आणि बाहेर डोरिक पट्टा ठेवून आत गाभाऱ्याच्या भिंतीवर सुमारे १६० मीटर लांबीचा अखंड शिल्पपट्टा फिरवला. विशेष म्हणजे पुढच्या व मागच्या ओवरीवर या अखंड पट्ट्याखालीही खुंट्या आहेत, जरी वर ट्रायग्लिफ एकही नाही. आधी तिथेही ट्रायग्लिफच बसवायचे होते आणि बेत मध्येच बदलला, असे काही अभ्यासक यावरून मानतात. दोन शैली मुद्दाम एकत्र आणल्या, असे इतरांचे मत आहे. मला पहिला तर्क अधिक सरळ वाटतो.