त्रेचाळिसाव्या वर्षी जर्मनीच्या रस्त्यावर : न्हावा-शेवाच्या एका ट्रेलरचालकाचा वृत्तांत

मार्च २०२४ मध्ये मी मुंबईहून फ्रँकफुर्टला उतरलो तेव्हा मला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. न्हावा-शेवा बंदरातून इंदूर, नागपूर आणि अहमदाबादकडे कंटेनर नेण्यात माझी एकोणीस वर्षे गेली होती. आज मी श्टुटगार्टजवळच्या एका वाहतूक कंपनीत चाळीस टनांचा ट्रेलर चालवतो. उरण, पनवेल आणि साताऱ्याकडचे अनेक चालक बांधव दूरध्वनी करून विचारत असतात, की हे कसे जमले आणि या वयात जमते का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा वृत्तांत.

वयाचा मुद्दा मी सर्वांत आधी घेतो, कारण आपल्याकडचे एजंट नेमका तोच सांगत नाहीत. युरोपीय संघाबाहेरची व्यक्ती पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर प्रथमच नोकरीसाठी जर्मनीत येत असेल, तर तिचा पगार एका ठरावीक मर्यादेइतका असावा लागतो किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा द्यावा लागतो. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ५३,१३० युरो होती आणि ती साधारणपणे दरवर्षी वाढते. माझा करारातला पगार महिना ३,००० युरो, म्हणजे वर्षाला ३६,००० युरो आहे, यावरून चालकाच्या पगारात ही अट पुरी होणे किती अवघड आहे ते लक्षात येईल. माझ्याबरोबर भाषेच्या वर्गाला येणारे एक गृहस्थ माझ्यापेक्षा कितीतरी सरस चालक होते, पण कागदपत्रे जमेपर्यंत त्यांना पंचेचाळीस पूर्ण झाली आणि त्यांचे येणे राहिले. म्हणून ज्यांना यायचे असेल त्यांनी बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आतच कामाला लागावे.

जर्मनीच्या कायद्यात चालकांसाठी वेगळी तरतूद आहे. आपल्या देशातला अवजड वाहनाचा परवाना असलेल्या माणसाला तिथली कंपनी आधी नोकरीवर घेऊ शकते आणि पंधरा महिन्यांच्या आत त्याने युरोपीय परवाना व व्यावसायिक पात्रता मिळवायची असते. करारात या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख लागतो आणि ते झाल्यावर चालक म्हणून नोकरी देण्याची हमीही लागते. या दोन गोष्टी कागदावर नसतील तर त्या करारावर सही करू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात चालकांचाही विचार आहे. मी मात्र त्या योजनेतून न येता कंपनीशी थेट पत्रव्यवहार करून आलो.

थेट येण्यामागे एक कटू अनुभव होता. २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या एका एजंटाने दुसऱ्या एका देशातल्या नोकरीसाठी 'फाइल उघडण्याचे' म्हणून माझ्याकडून दीड लाख रुपये घेतले आणि सहा महिन्यांनी दूरध्वनी उचलणे बंद केले. ते पैसे पत्नीच्या दागिन्यांवर उचललेले होते, त्यामुळे ती जखम अजून भरलेली नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे, हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी त्या दारातूनच परत फिरलो असतो. जो माणूस नोंदणी क्रमांक विचारल्यावर चिडतो किंवा विषय बदलतो, त्याला एक रुपयाही देऊ नये.

कागदपत्रांत पासपोर्ट, आरटीओचा परवाना, दहावीचे प्रमाणपत्र, जुन्या मालकांची अनुभवपत्रे आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांची जमवाजमव मी आठ महिने आधी सुरू केली होती. सर्वांत जास्त वेळ अनुभवपत्रांना लागला, कारण आपल्या धंद्यात मालक तोंडी व्यवहार करतात आणि कोऱ्या लेटरहेडवर सही करून देतात. पत्रावर गाडीचा प्रकार, तिची एकूण वजनक्षमता आणि नोकरीच्या तारखा स्वच्छ लिहून घ्याव्यात, आणि पासपोर्ट, परवाना व दाखला या तिन्हींवरचे नाव एकाच स्पेलिंगचे आहे ना, ते पाहावे. माझ्या परवान्यावर वडिलांचे नाव गाळलेले होते आणि तेवढ्या दुरुस्तीत पाच आठवडे गेले.

आता भाषा. नोव्हेंबर २०२३ पासून चालकाच्या व्हिसासाठी जर्मन भाषेचा पुरावा तपासला जात नाही, हे खरे आहे आणि याच वाक्याच्या जोरावर अनेकांना भुलवले जाते. प्रत्यक्षात माझी व्यावसायिक पात्रतेची लेखी परीक्षा पूर्णपणे जर्मनमध्ये झाली. परवान्याची लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, पण तिथल्या भाषांच्या यादीत हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. मी पुण्यात दर शनिवार-रविवारी दहा महिने वर्गाला गेलो आणि बाकीचे दिवस केबिनमध्ये, हॉल्टिंगच्या वेळी, वहीत शब्द लिहून पाठ केले. चाळिशीत पाठांतर चढत नाही, हा अनुभव मलाही आला. मात्र गाडीच्या भागांची नावे विलक्षण वेगाने लक्षात राहिली, कारण त्या वस्तू हातांच्या ओळखीच्या होत्या. म्हणून सुरुवात बाजारहाटाच्या संवादांपेक्षा ब्रेक, टायर, एअरची नळी, पट्टे आणि ताडपत्री या शब्दांनी करावी, असे मी सुचवेन.

येथे आल्यावर पहिले तेरा महिने मी एकदाही ट्रक घेऊन मालाच्या फेरीला गेलो नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाने याची मनाची तयारी करून यावी. भारतीय परवाना येथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो आणि व्यावसायिक पात्रतेविना तेवढ्यातही कंपनीची मालवाहतूक करता येत नाही. मी गोदामात फोर्कलिफ्टच्या बाजूला उभा राहून माल लावत होतो, ट्रेलरचे पट्टे आवळत होतो आणि संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलला जात होतो. एकोणीस वर्षे घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, चालवलेल्या माणसाला झाडू हातात घ्यावा लागला की आतून फार लागते. मी ते कोणाशी बोललो नाही आणि ती चूक झाली. कंपनीतल्या एका रुमानियन सहकाऱ्याने आपणही याच वाटेने आल्याचे सांगितले तेव्हा कुठे मन हलके झाले.

परीक्षांमध्ये कारचा, ट्रकचा आणि ट्रेलरसह ट्रकचा असे तिन्ही टप्पे पुन्हा द्यावे लागले, कारण भारतीय परवाना थेट बदलून मिळत नाही. आपल्यासारख्यांना शिकवणीचे सक्तीचे तास नाहीत, पण तास न घेता परीक्षेला बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. गाडी निघण्यापूर्वीच्या तपासणीची परीक्षा मला सर्वांत कठीण गेली. परीक्षक हातात पाटी घेऊन उभे असतात आणि आपण गाडीभोवती फिरत टायरची नक्षी, नटांची पकड, दिवे, एअरचा दाब अशी एकेक गोष्ट मोठ्याने जर्मनमध्ये सांगायची असते. घोडा ट्रेलरला जोडल्यावर मी सवयीने लिव्हरकडे एक नजर टाकून पुढे निघालो, तेव्हा परीक्षकांनी थांबवून खाली वाकायला सांगितले आणि कुलपाची कडी हाताने ओढून दाखवायला लावली. न्हावा-शेवात हे काम आमचा क्लीनर करत असे. त्या दिवशी मी नापास झालो. तीन आठवड्यांनी पुन्हा बसलो आणि पास झालो. व्यावसायिक पात्रतेसाठी १४० तासांचे प्रशिक्षण आणि ९० मिनिटांची लेखी परीक्षा असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी-प्रशिक्षण घ्यावे लागते. सगळ्याचा मिळून खर्च काही हजार युरोंचा होतो. माझा खर्च कंपनीने केला आणि त्या बदल्यात दोन वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडल्यास उरलेला भाग परत करायचा, असे कलम आहे. दर महिन्याला परतफेडीची रक्कम किती कमी होते, ते करारात आकड्यांत लिहून घ्यावे.

मे २०२५ मधल्या एका सोमवारी मी एकट्याने पहिली लांब फेरी केली. श्टुटगार्टच्या उत्तरेकडील कोर्नवेस्टहाइमहून यंत्रांचे सुटे भाग भरून हॅम्बुर्ग बंदराकडे निघायचे होते. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे पनवेलहून नागपूरच्या वाटेवर अकोल्याच्या थोडे पुढेपर्यंत. आपल्याकडे अशा अंतराला कोणी वेळ मोजत बसत नाही, येथे मात्र चालकाचे कार्ड टॅकोग्राफमध्ये सरकवले की मिनिटामिनिटाची नोंद सुरू होते. दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा; साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, जी आधी पंधरा आणि नंतर तीस अशी विभागता येते; आणि रात्री सलग अकरा तासांची विश्रांती, जी दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान तीनदा नऊवर आणता येते. रस्त्यावरच्या तपासणीत चालू दिवस आणि त्याआधीच्या ५६ दिवसांच्या नोंदी मागितल्या जातात, त्यामुळे आजची चूक दोन महिने आपल्याबरोबर फिरते.

माल भरायला उशीर झाल्याने साडेपाचऐवजी साडेसातला निघालो. हाइलब्रोनच्या पुढे व्युर्त्सबुर्गपर्यंत रस्ता मोकळा होता. तेथून ए-७ महामार्गाला लागून फुल्डा ओलांडले आणि किर्चहाइमला पहिली विश्रांती घेतली. पुढे कासेलच्या टेकड्यांत चढउतार सुरू होतात आणि उजव्या मार्गिकेत ट्रकांची रांग कसाऱ्याच्या घाटासारखीच संथ चालते. फरक इतकाच की येथे कोणी हॉर्न वाजवत नाही आणि ताशी पन्नासच्या वर वेग असताना पुढच्या ट्रकपासून पन्नास मीटर अंतर राखावे लागते. महामार्गावर आपली मर्यादा ताशी ऐंशी, बाहेरच्या साध्या रस्त्यांवर साठ. हॅनोव्हरजवळ दुरुस्तीच्या कामामुळे वाहतूक तुंबली. अशा वेळी सर्वांत डावीकडची मार्गिका डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवतात; ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या कोंडीत माझी पन्नास मिनिटे गेली. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आलरटालच्या थांब्याशी पोहोचलो तेव्हा नऊ तासांतली केवळ बारा मिनिटे उरली होती आणि आत जाणाऱ्या उतारापर्यंत ट्रक उभे होते. दहा तासांची सवलत वापरता येत होती, पण आठवडा सोमवारीच सुरू झाला होता आणि ती मला परतीसाठी राखायची होती. छातीत धडधडत होते. तेवढ्यात एका पोलिश चालकाने हात करून मला मागच्या कोपऱ्यात बोलावले आणि स्वतःची गाडी दीड मीटर पुढे घेऊन जागा करून दिली. पार्किंगची ही टंचाई रोजची आहे. तेव्हापासून मी दुपारी तीनच्या सुमारासच रात्रीची जागा ठरवतो, आणि महामार्गावरच्या थांब्यांऐवजी बाहेर पडल्यावर लागणारे 'आउटोहोफ' निवडतो, कारण तिथे जेवण स्वस्त आणि आंघोळीची सोय बहुधा असते. जागाच मिळाली नाही तर सुरक्षित ठिकाण गाठण्यापुरती वेळ ओलांडण्याची मुभा कायद्यात आहे; मात्र पोहोचताच टॅकोग्राफची पट्टी छापून तिच्यामागे कारण हाताने लिहावे लागते. त्यासाठी केबिनमध्ये पेन कायम टांगून ठेवावे.

सकाळी हॅम्बुर्गच्या वाल्टर्सहोफ भागात माल उतरवला. शहरात उजवीकडे वळताना सायकलस्वार किंवा पादचारी येण्याची शक्यता असेल तर साडेतीन टनांवरच्या गाडीने माणसाच्या चालीनेच वळायचे, असा २०२० पासून नियम आहे. त्या वळणावर मी पूर्ण थांबलो, कॅमेऱ्यात पाहिले आणि मगच हळूहळू चाक फिरवले. एक बाई सायकलच्या मागच्या आसनावर मूल बसवून अगदी माझ्या ट्रेलरला घासून पुढे गेली. मागून कोणीही घाई केली नाही.

पगाराच्या बाबतीत एक फसवणूक ओळखायला शिकावी. माझ्या ३,००० युरोंतून कर आणि विमा कापून हातात साधारण २,०५० येतात, कारण पत्नी भारतात असल्याने मला एकट्या माणसाच्या कराचा गट लागतो. त्याखेरीज बाहेरगावच्या दिवसांचा करमुक्त भत्ता मिळतो, पूर्ण दिवसाला २८ युरो, आणि केबिनमध्ये झोपलेल्या रात्रीचे ९ युरो. आपल्याकडे जाहिरातीत हा भत्ता मिळवून 'पगार' म्हणून सांगतात. भत्ता निवृत्तिवेतनात धरला जात नाही आणि आजारपणात थांबतो, म्हणून मूळ पगाराचा आकडाच विचारावा. मी महिन्याला सातशे ते आठशे युरो घरी पाठवतो, यापेक्षा अधिक आकडा सांगणाऱ्याने राहण्याचे भाडे आणि जेवण कुठून दिले, ते त्याला विचारावे.

जेवण शक्यतो मी स्वतः करतो. २४ व्होल्टचा छोटा कुकर, तांदूळ, तुरीची डाळ, गोडा मसाला आणि घरचे लसणाचे तिखट एवढ्यावर आठवडा निघतो. रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या मालगाड्यांना बंदी असते आणि पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही, त्यामुळे बाहेर अडकल्यास मुक्कामाची सोय कंपनीने करायची असते. मी बहुतेक शनिवारी खोलीवर पोहोचतो. रविवारी दुपारी घरी भारतीय वेळेने साडेचार वाजता व्हिडिओवर सगळे जमतात, आणि मुलीची दहावीची तयारी मी तेव्हाच पाहतो.

पत्नीला येथे आणायचे तर तिला जर्मनची ए-१, म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. पुण्यातल्या त्याच वर्गात तिने जूनपासून जायला सुरुवात केली आहे आणि माझी जुनी शब्दांची वही आता तिच्याकडे आहे.